उपचार पूर्ण करायची ताकद आणायची कुठून? ठाणे-नवी मुंबईतल्या कॅन्सर रुग्णांचे आणि घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं तिथलं केंद्र), परळच्या टाटामध्ये किंवा ठाण्यातल्या एखाद्या खासगी डे केअरमध्ये सलाईन संपायची वाट बघत बसलेली माणसं एकमेकांना जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. घरातल्या माणसाच्या उपचारांत पहिल्या तपासणीपासून बरोबर होते आणि पुढे ओळखीच्या-अनोळखी लोकांबरोबरही जात राहिले. कोणती गोळी, किती डोस, हे इथे मिळणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मधल्या तारखेला घरातून पाय निघत नाही तेव्हा काय करायचं, हे मात्र मिळेल.

सगळे म्हणतात, पॉझिटिव्ह राहा. मला जमत नाही. माझ्या अशा मनामुळे उपचार लागू पडणार नाहीत का?

लागू पडतील. ही भीती आधी मनातून काढून टाका. अमेरिकेत जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्णाची मनःस्थिती चांगली होती की वाईट, यावरून तो किती जगेल याचा काहीच अंदाज बांधता आला नाही. केमोचं औषध तुमचा चेहरा बघून काम करत नाही. रडत घेतलं तरी ते तेवढंच चालतं.

मन प्रसन्न असलं तर दिवस बरा जातो, हे खरंच. पण प्रसन्न राहणं हे रुग्णाचं कर्तव्य आहे आणि ते चुकलं की आजार वाढतो, असं सुचवणं हा आजारी माणसावर टाकलेला आणखी एक बोजा आहे. आणि तो टाकणारी माणसं बहुतेक वेळा चहा पिऊन पंधरा मिनिटांत निघून जाणारी असतात.

मग तग धरायचा तो कशाच्या जोरावर?

मी ज्यांना उपचार पूर्ण करताना पाहिलं, त्यातले फार थोडे मुळातले धीराचे होते. बाकीच्यांनी एवढंच केलं की पुढची तारीख चुकवली नाही, आणि ती चुकू नये अशी व्यवस्था घरात लावली. हिंमत स्वभावात असावी लागते असं धरून बसलात तर अडकाल. ती बरीचशी बाहेरून उभी करता येते.

सुरुवात डॉक्टरांना दोन गोष्टी विचारण्यापासून करा. एक, हे उपचार कशासाठी चाललेत: आजार पूर्ण घालवायला, की आटोक्यात ठेवायला? दोन, एकूण सायकल, म्हणजे केमोच्या फेऱ्या, किती, रेडिएशन किती दिवस, ऑपरेशन मध्ये की शेवटी? खूप लोक हे न विचारताच महिनोन्‌महिने येत-जात राहतात. शेवट कुठे आहे हेच माहीत नसेल तर तिसऱ्या सायकलला माणूस खचणारच. उत्तर फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, कारण ओपीडीतून बाहेर पडेपर्यंत त्यातलं निम्मं विसरलेलं असतं.

मग एक साधी वही घाला. केमोचा दिवस पहिला धरायचा आणि रोज दोन ओळी लिहायच्या: झोप, जेवण, उलट्या, ताप, मूड. दोन सायकलमध्ये तुमचा स्वतःचा नमुना दिसायला लागतो. कुणाचे तिसरा ते पाचवा दिवस वाईट जातात, कुणाचा दुसरा आठवडा. नमुना कळला की वाईट दिवसांत कुणी जवळ राहायचं, स्वयंपाक कुणाकडून यायचा, हे आधीच ठरवता येतं. शिवाय चौथ्या दिवशी “आता मी हे सोडणार” असं वाटलं, तर वही दाखवते की मागच्या वेळीही चौथ्या दिवशी हेच वाटलं होतं आणि आठव्या दिवशी तुम्ही भाजी निवडत बसला होतात. मोठा निर्णय वाईट दिवसांत घ्यायचा नाही, एवढा एक नियम घरात सगळ्यांनी मिळून पाळावा.

आणि नजर पुढच्या तारखेपर्यंतच ठेवा. सहाही सायकल एकदम डोळ्यांसमोर आणल्या तर कुणाचाही धीर सुटेल.

एक-दोन तारखा चुकल्या तर काय एवढं बिघडतं?

कोणती तारीख आणि कुणी चुकवली, त्यावर आहे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पेशी कमी आल्या म्हणून डॉक्टरांनी केमो आठवडाभर पुढे ढकलली, तर तो उपचाराचाच भाग आहे, घाबरू नका. पण कंटाळा आला, लग्न होतं, गावी गणपतीला जायचं होतं म्हणून स्वतःहून दांडी मारणं वेगळं.

रेडिएशनमध्ये, ज्याला आपल्याकडे बरेच जण ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात, हे फार जपावं लागतं. ते साधारण सोमवार ते शुक्रवार असं काही आठवडे सलग चालतं. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये हा काळ लांबला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला फुरसत मिळते. लांबलेल्या दर दिवसामागे आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते, असा अभ्यासांतून निघालेला अंदाज आहे. मशीन बंद पडलं किंवा पावसाने गाड्या बंद झाल्या म्हणून एखादा दिवस बुडालाच, तर तो कसा भरून काढायचा हे त्याच विभागात विचारा. कधी शनिवारी बोलावतात, कधी एका दिवसात मध्ये काही तासांचं अंतर ठेवून दोनदा देतात. तो हिशेब ते करतात, पण दिवस बुडाल्याचं त्यांना कळायला हवं.

गणपतीचं म्हणाल तर आधी बोला. केमोच्या तारखा ठरतानाच सणाची तारीख सांगितली तर दोन-तीन दिवस इकडेतिकडे करणं पुष्कळदा जमतं.

रोजचा प्रवास कसा झेपायचा?

निम्मी ताकद खरोखर यातच जाते. ठाण्याहून खारघरला जाणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल धरावी, म्हणजे मध्ये बदलावी लागत नाही; वाशी किंवा नेरूळची मिळाली तर उतरून बदला. बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून खारघरमधून धावते, पण स्टेशनपासून रुग्णालयापर्यंत रिक्षा धरूनच हिशेब करा. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना प्रवास करता येतो. उपचाराचे कागद खिशात ठेवा, कारण बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला तिथे हमखास उठवलं जातं. बाहेरगावाहून उपचाराला येणाऱ्यांना लांब पल्ल्याच्या गाड्यांत मोठी सवलत असते आणि सोबत्यालाही मिळते. स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये रुग्णाचं भाडं पूर्ण माफ आहे. त्यासाठीचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून मिळतो.

रेडिएशनची वेळ ठरवताना अकरा ते तीनच्या मधली मागून बघा. मिळेलच असं नाही, पण न मागता तर नाहीच मिळत.

जुलै-ऑगस्टसाठी वेगळी तयारी लागते. रुळांवर पाणी भरलं की कळवा-मुंब्र्यापासून कुर्ल्यापर्यंत सगळं ठप्प. चार-पाच दिवसांची औषधं घरात जास्तीची असू द्या, विभागाचा फोन नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. रेडिएशन अगदी ऐन पावसात आलं असेल तर खारघर-कामोठ्यातल्या नातेवाइकाकडे काही आठवडे राहायला संकोच करू नका. आत्याने बोलावलं असेल तर जा. तिला खरंच काहीतरी करायचं असतं.

उलट्या, तोंड येणं, थकवा हे सगळं मुकाट सोसायचं का?

अजिबात नाही. “डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा” असं म्हणून गप्प बसणारी आपल्याकडची वडीलधारी माणसं सर्वात लवकर उपचार सोडतात, असं मला तरी दिसलं आहे. उलटीवरची आजची औषधं चांगली आहेत, पण ती उलटी सुरू व्हायच्या आधी, सांगितलेल्या वेळेला घ्यायची असतात. एका औषधाने भागलं नाही तर दुसरं असतं. तुम्ही सांगितलं नाही तर पुढच्या वेळीही तेच लिहून देतील.

तोंड आलं असेल तर एक लिटर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून बऱ्याच वेळा गुळण्या करा. बाजारातलं झणझणीत माउथवॉश नको.

एक गोष्ट मात्र फ्रीजवर चिकटवून ठेवा: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला, तर रात्र असली तरी रुग्णालयाला फोन करून निघायचं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वात खाली असतात आणि तेव्हाचा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. घरात चालू थर्मामीटर आहे ना, हे आजच बघा.

थकव्याचं उलटं आहे. इथे पूर्ण विश्रांती घेतली की थकवा वाढतो. उपचार चालू असतानाही झेपेल तेवढा व्यायाम करावा, असं आता कॅन्सरतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. तलावपाळीला एक फेरी, नाहीतर सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं. हाडांत आजार असेल किंवा पेशी फार कमी असतील तर आधी विचारून घ्या.

काय खायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

जे पोटात जाईल आणि टिकेल ते. वजन उतरू न देणं हे या दिवसांतलं मुख्य पथ्य. मऊ मुगाची खिचडी, तूप घातलेली पेज, नाचणीची खीर, उकडलेलं अंडं, पनीर, नीट शिजवलेले मासे. तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलऐवजी काचेच्या वाटीत, जरा गार करून द्या. एका ताटाऐवजी दर दोन तासांनी वाटीभर. पेशी कमी असताना पाणीपुरी, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं आणि बाहेरच्या चटण्या बंद.

साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो म्हणून चहातली साखर तोडायची आणि मग माणूस चहाच घेईनासा होतो. हा प्रकार घरोघरी आहे. मधुमेह असेल तर साखर सांभाळायलाच हवी. नसेल तर दोन चमचे साखरेवर भांडू नका.

काढे, चूर्णं, गव्हांकुर, ‘नक्की गुण येणारं’ काही: घ्यायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी कोरोनाच्या काळात नोंदवले आहेत, आणि केमोची कितीतरी औषधं त्याच यकृताकडून शरीराबाहेर जातात. आमटीतल्या हळदीला कुणाची हरकत नाही.

केस गेल्यावर आरशात बघवत नाही.

केस सगळ्याच केमोत जात नाहीत. ज्यात जातात त्यात दोन ते चार आठवड्यांत गळायला लागतात आणि उपचारानंतर परत येतात. आधीच बारीक कापून घेतले तर उशीवरचे पुंजके बघावे लागत नाहीत. विग हवा असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवकांना विचारा, काही संस्था मोफत देतात. वाईट वाटणं साहजिक आहे. “केस काय, परत येतील” हे वाक्य घरच्यांनी निदान पहिला आठवडा तरी गिळून टाकावं.

बाबांना कॅन्सर आहे हे त्यांना सांगितलेलं नाही. सांगावं का?

त्यांना बहुतेक कळलेलं असतं. रुग्णालयाच्या पाटीवर नाव आहे, शेजारच्या खुर्चीतला माणूस बोलतो आहे, आणि घरात ते आले की सगळे विषय बदलताहेत. लपवण्याची पंचाईत अशी की मग त्यांना त्रासाबद्दल आणि भीतीबद्दल कुणाशीच बोलता येत नाही. “साधी गाठ आहे” म्हणून सांगितलेल्या माणसाला सहा महिने केमो का घ्यायची हे पटणार तरी कसं? उपचार अर्ध्यावर सोडायचं हेही एक कारण होऊन बसतं.

सगळं एकदम सांगावं लागत नाही. “बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?” एवढं विचारा आणि ते जितकं विचारतील तितकं खरं सांगा. जमत नसेल तर डॉक्टरांसमोर, त्यांच्या तोंडून.

मी वीस वर्षं तंबाखू खाल्ली. आता तक्रार कुठल्या तोंडाने करू?

उपचार घेण्यासाठी चारित्र्याचा दाखला लागत नाही. मात्र आज सोडा, कारण रेडिएशन चालू असताना तंबाखू किंवा सिगारेट चालू ठेवली तर गुण कमी येतो आणि जखमा भरायला वेळ लागतो. सोडायला मदत हवी तर १८०० ११२ ३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. घरच्यांनी “सांगत होतो ना” हे आता पुरे करावं.

पैसे संपत आले आहेत. म्हणून थांबायचं का?

थांबण्याआधी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. हे टेबल जवळपास प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असतं, आणि लोक तिथे सगळं विकून झाल्यावर पोचतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो. रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन उपचार सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडे जा. आधी भरलेले पैसे नंतर योजनेतून मागणं कठीण. चौकशीचा क्रमांक १५५३८८. धर्मादाय नोंदणी असलेल्या खासगी रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून काढून ठेवा आणि लेखी अर्ज करा, तोंडी विचारलं की “खाट नाही” हेच उत्तर येतं.

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तळोजा या पट्ट्यात कारखान्यांत काम करणाऱ्या कितीतरी जणांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो आणि त्यांना हे ठाऊक नसतं: कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात, नोकरीच्या कालावधीची अट पूर्ण होत असेल तर, दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के आजारभत्ता मिळू शकतो. प्राप्तिकर भरणाऱ्यांनी जुन्या करपद्धतीत कॅन्सरच्या उपचारखर्चावरची वजावट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडीबी) बघावी, ४० हजार आणि ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत.

रात्री झोप लागत नाही, सारखं रडू येतं. हे नेहमीचंच की डॉक्टरांना सांगायचं?

काही दिवस असं होणारच. पण शून्य ते दहाच्या पट्टीवर आपला मानसिक त्रास किती, असं स्वतःला विचारा. कॅन्सर रुग्णालयांतही असंच विचारतात आणि चार किंवा त्यावर उत्तर आलं की पुढे चौकशी करतात. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, जेवण-झोप गेली असेल, तर हा मनाचा कमकुवतपणा समजू नका, यावर औषध आणि समुपदेशन दोन्ही आहे. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलि-मानस, १४४१६, मोफत आहे आणि मराठीतही बोलतात. जगणं नको झालंय असे विचार येत असतील तर सकाळ होऊ देऊ नका, आत्ता घरातल्या एकाला उठवा.

सगळं मीच करते आहे. मला थकायचा हक्क आहे का?

सुनेला, मुलीला, बायकोला हा प्रश्न विचारावासा वाटतो, पुरुषांना क्वचित. तेवढ्यावरूनच घरातली कामाची वाटणी कळते. तुम्ही आडव्या झालात तर रुग्णाची तारीख चुकेल, म्हणून तरी कामं वाटा. “काही लागलं तर सांगा” म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे काम द्या: दीर मंगळवारी बरोबर जाईल, खालच्या काकू गुरुवारी पोळ्या देतील, भाचा मेडिक्लेमचे कागद भरेल. आठवड्यातून एक दुपार रुग्णालयाचा विषयही न काढता बाहेर जा. स्वतःची बीपीची गोळी कधीची चुकते आहे, तेही बघा.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं?

पेशी कमी असलेल्या दिवसांत सर्दी-खोकल्याची माणसं दारातूनच परत पाठवा, मग ती मामा-मामी का असेनात. सोसायटीच्या ग्रुपवर एकाच माणसाने आठवड्यातून एकदा खबर टाकावी, म्हणजे तीच कथा वीसदा सांगावी लागत नाही. कॅन्सर शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही, हे मात्र ठणकावून सांगा. वेगळं ठेवलेलं ताट केमोपेक्षा जास्त खचवतं.

आणि खरंच थांबावंसं वाटत असेल तर?

आधी कशामुळे, ते शोधा. त्रासामुळे असेल तर त्रासावर उपाय असतो, पैशांमुळे असेल तर वरची टेबलं आहेत, थकव्यामुळे असेल तर आठवडा जाऊ द्या. आजार बरा होण्याची चांगली शक्यता असताना अशा कारणांनी सोडणं, हे मला फार दुखावतं.

पण आजार पुढे गेला आहे, औषधाने आयुष्याची भर कमी आणि हाल जास्त, असं डॉक्टरच सांगत असतील तर केमो थांबवणं म्हणजे हरणं नव्हे, आणि त्याला तसं कुणी म्हणू नये. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या विभागाचं नाव ऐकून लोक घाबरतात. वास्तविक तिकडे लवकर गेलेलं बरं. २०१० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात पुढच्या टप्प्यातल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवा सुरुवातीपासून मिळाली, त्यांचे दिवस बरे गेले आणि ते सरासरी काही महिने जास्तही जगले. वेदनेसाठी मॉर्फिन दिलं तर सवय लागेल म्हणून नाकारू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते सुरक्षित आहे, आणि २०१४ च्या कायद्यातल्या बदलानंतर ते मिळवणंही थोडं सोपं झालं आहे.

उपचार संपले, रिपोर्ट चांगला आला. घरात पेढे वाटले. मलाच का बरं वाटत नाही?

कारण इतके महिने कुणी ना कुणी तपासत होतं आणि आता एकदम तीन महिन्यांनी या म्हणतात. बऱ्याच कॅन्सरमध्ये पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात आणि प्रत्येक तपासणीआधीचा आठवडा वाईट जातो. जाताना डॉक्टरांकडून लिहून घ्या: कोणती लक्षणं दिसली तर तारखेची वाट न बघता यायचं, आणि कोणत्या दुखण्याकडे दोन आठवडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. स्कॅनचा रिपोर्ट मोबाईलवर आला तर रात्री एकट्याने उघडू नका. कामावर परत जायचं असेल तर पहिला महिना अर्धा वेळ किंवा गर्दी टाळून जाण्याची सोय साहेबांकडे लेखी मागा, आणि हाता-पायांच्या मुंग्या अजून गेल्या नसतील तर बाईक चालवायच्या आधी डॉक्टरांना विचारा.